कशावरून म्हणता?

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक नाना आहेत. बँकेतून निवृत्त झालेले. हिशेबाला इतके चोख, की टपरीवरच्या चहाचे पैसे वाटताना रुपयाचा फरक आला तरी पुन्हा मांडायला बसतात. ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बाकावर बसल्या बसल्या फोन माझ्यापुढे धरला. ७ ऑक्टोबरला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात हमासने चाळीस बाळांची मुंडकी उडवली, असा मजकूर आणि त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग. "वाचा," म्हणाले, "माणसं आहेत की जनावरं?" मी वाचलं, फोन परत दिला. पुढे पंधरवड्याभरात गाझातल्या मृतांचा आकडा सात हजारांवर गेला आणि कुणीतरी तो टपरीवर काढला. नानांनी ग्लास खाली ठेवला. "कशावरून म्हणता? मोजलं कुणी? हमासनेच ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रश्न बिनतोडच होता. लढाईतल्या एका पक्षाने सांगितलेला आकडा जसाच्या तसा का मानायचा? मीही काही बोललो नाही. पण मंडईत भाजी निवडताना, जिना चढताना तो प्रश्न मागे लागून राहिला. चाळीस बाळांच्या वेळी तो नानांच्या तोंडून का निघाला नव्हता?

माझी सगळी नोकरी एका दैनिकाच्या रात्रपाळीत गेली, आणि रात्रपाळीच्या उपसंपादकाला पगार मिळतो तो ‘कशावरून’ विचारण्याचाच. घाटात बस कोसळली की तालुक्याचा वार्ताहर फोनवर ओरडून पंचवीस सांगायचा, एजन्सीच्या कॉपीत बारा असायचे, पोलीस नियंत्रण कक्ष म्हणायचा ‘सहा, पण काम चालू आहे.’ डाक आवृत्ती सोडायला दहा मिनिटं उरलेली. मग मथळ्यात ‘बारा ठार’ आणि पोटात ‘मृतांचा आकडा वाढण्याची भीती’ अशी वाट काढायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर एवढं कळतं की पहिला आकडा घाबरलेल्या माणसाचा असतो, दुसरा खुर्चीवर बसलेल्याचा. तिसरा आकडा शवागारातला कारकून नाव, वय, गाव अशा ओळी ओढून रजिस्टरात लिहितो आणि तो आमच्याकडे पान छपाईला गेल्यावर येतो. वाचकाच्या डोक्यात पहिलाच मुक्काम ठोकतो. शुद्धिपत्र सातव्या पानाच्या तळाला लागतं, आणि ते वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्यामुळे १७ ऑक्टोबरच्या रात्री गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाल्याची बातमी आली, तेव्हा निवृत्त होऊनही माझा हात लाल पेन शोधू लागला. अँग्लिकन चर्चचं जुनं रुग्णालय, १८८२ सालचं. आवारात घरंदारं सोडून आलेली कुटुंबं आसऱ्याला होती. थोड्याच वेळात आकडा आला: पाचशे ठार, इस्रायलचा हवाई हल्ला. न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावरचा मथळा त्या दिवशी बदलत गेला. आधी ‘इस्रायली हल्ला’, मग नुसता ‘हल्ला’, मग ‘स्फोट’. ‘असं पॅलेस्टिनींचं म्हणणं’ हे शेपूट तिन्ही वेळा होतं, पण शेपटाकडे बघतो कोण? दुसऱ्या दिवशी उजेडात चित्रं आली. गाडीतळावर जळून काळ्या पडलेल्या मोटारी आणि जमिनीत एक लहानसा खड्डा. विमानातून टाकलेल्या मोठ्या बॉम्बचा असतो तसा नव्हे. इमारती उभ्या होत्या. हमास सरकारच्या हाताखालच्या गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने आकडा ४७१ सांगितला, अमेरिकी गुप्तचरांनी १०० ते ३०० धरला. ह्यूमन राइट्स वॉचने नोव्हेंबरअखेरीस सांगितलं, की पुरावा पॅलेस्टिनी गट वापरतात तशा भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवतो. काही तपासणाऱ्यांना तेही पटलं नाही. टाइम्सने सहा दिवसांनी संपादकांचं टिपण छापलं, की सुरुवातीच्या बातम्यांत हमासच्या दाव्यांवर फार भिस्त ठेवली गेली. तोवर अम्मानमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन, जॉर्डनचे राजे अब्दुल्ला, इजिप्तचे सिसी आणि पॅलेस्टिनी नेते अब्बास यांची ठरलेली बैठक रद्द झाली होती आणि अरब जगातल्या शहराशहरांत लोक रस्त्यावर उतरले होते.

आवारात जी माणसं मेली, ती मात्र मेलीच.

हे सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या आठवड्यात नाना जवळजवळ खुशीत होते. "बघा, पाचशे म्हणत होते!" त्यांच्या आवाजात चोर पकडल्याचा आनंद होता. पाचशेचे दोनशे झाले म्हणजे मधले तीनशे घरी परत गेले आणि उरलेल्या दोनशेंची जबाबदारी आपोआप मिटली, असं काहीसं गणित. मला त्यांचा राग आला. आणि त्याच वेळी कुठेतरी मलाही बरं वाटलं होतं, की चला, मघाशी वाटलं तेवढं भयंकर नव्हतं. हे बरं वाटणं कुठून येतं याचा मी बराच विचार केला. आकडा कमी झाला की आपल्या अंगावरचं ओझं कमी होतं, म्हणून आपण आकड्याशी भांडतो. मेलेल्या माणसाचा त्या भांडणाशी काही संबंध नसतो.

माझ्या लहानपणी पनवेलला आमच्या शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब राहायचं. त्यांच्याकडून मलिद्याची ताटली यायची. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळांचे काप. ते कुटुंब पुढे तिकडे गेलं, आता अश्कलोनला आहे. त्या घरातल्या मावशी अजून फोन करतात, आणि त्यांच्या मराठीत पनवेलचा हेल तसाच आहे, मधूनमधून हिब्रू शब्दांचे खडे लागतात एवढंच. ७ ऑक्टोबरनंतर त्यांच्याशी बोललो तेव्हा त्या ‘मामाद’मध्ये, म्हणजे घरातल्या जाड भिंतींच्या खोलीत बसून बोलत होत्या. पुढे नोव्हेंबरात इस्रायलने आपल्या मृतांचा आकडा चौदाशेवरून सुमारे बाराशेवर आणला. इतके दिवस आपली म्हणून धरलेली काही जळालेली प्रेतं हल्लेखोरांची निघाली. घरांच्या राखेतून हाडाचे तुकडे, दात, दागिने वेचायला इस्रायलच्या पुरातत्त्व खात्यातली माणसं बोलावली होती. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या उकरणारे लोक हल्ला झालेल्या बेरी आणि नीर ओझ या गावांतल्या स्वयंपाकघरांतली राख चाळत होते. बेरीच्या व्हिव्हियन सिल्व्हर, गाझातल्या रुग्णांना इस्रायली दवाखान्यांत नेणाऱ्या, शांततेसाठी बायकांची चळवळ उभी करणाऱ्या, यांना ओलीस नेलं असं सगळे पाच आठवडे धरून चालले होते. त्या त्यांच्याच घरात होत्या. ओळख पटली १३ नोव्हेंबरला. मावशी म्हणाल्या, "अरे, आमचेच मोजायला आम्हाला महिना लागला. इथे सगळी यंत्रं, सगळे डॉक्टर. तिकडे कोण मोजणार?" आणि त्याच दमात, "पण त्यांचा आकडा मी मानत नाही हं." दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली. मी कुठल्याच वाक्यावर ‘कशावरून’ विचारलं नाही.

चौदाशेचे बाराशे झाले म्हणून हत्याकांड खोटं, असं म्हणणारेही भेटले. त्यांना काय म्हणावं? दुरुस्त केलेला आकडा हा मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असू शकतो, ही साधी गोष्ट कुठल्याच बाजूला कबूल करायची नसते. चाळीस बाळांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. घटनास्थळी गेलेल्या एका वाहिनीच्या प्रतिनिधीने सैनिकांकडून ऐकलेलं सांगितलं, ते जगभर पसरलं, अमेरिकेचे अध्यक्ष आपण चित्रं पाहिल्यासारखं बोलले, आणि व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला की त्यांनी तशी चित्रं पाहिलेली नाहीत. त्या दिवशी मुलं मारली गेली, अर्भकही मारलं गेलं. मृतांच्या इस्रायली यादीत ते सगळं आहे. चाळीस मुंडकी त्यात नाहीत. खरं होतं तेवढं पुरेसं भयानक नव्हतं का, की वर आणखी चढवावं लागलं?

आणि चढवण्याचं काम फक्त गोंधळलेले सैनिक करत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या रांतीसी रुग्णालयाच्या तळघरात इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने भिंतीवरचा एक कागद कॅमेऱ्याला दाखवला, की ही ओलिसांवर पहारा देणाऱ्या अतिरेक्यांची यादी, प्रत्येकाने इथे आपलं नाव लिहिलंय. अरबी वाचता येणाऱ्यांनी सांगितलं की ते आठवड्याचे वार आहेत. डिसेंबरात जेरुसलेम पोस्टने गाझातल्या एका आजोबांच्या हातातलं पाच महिन्यांचं मृत बाळ म्हणजे बाहुली असल्याची बातमी दिली आणि नंतर ती मागे घेतली. मार्च २०२५ मध्ये रफाहमध्ये १५ रुग्णवाहिका कर्मचारी आणि बचावकर्ते मारले गेले. गाड्या दिवे न लावता संशयास्पदरीत्या येत होत्या, असं लष्कराने सांगितलं. मग मेलेल्यांपैकी एकाच्या फोनमधलं चित्रण बाहेर आलं: दिवे लावलेले, लाल झगमग चालू, अंगावर परावर्तक पट्ट्यांचे गणवेश. लष्कराने निवेदन बदललं. आपल्याकडची मंडळीही यात मागे नव्हती. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात सीरियाच्या, कुठल्या कुठल्या जुन्या, अगदी संगणकी खेळांतल्या चित्रफिती गाझाच्या म्हणून फिरल्या, आणि त्या फिरवण्यात समाजमाध्यमांवरच्या भारतातल्या खात्यांचा वाटा किती मोठा होता हे ऑल्ट न्यूज आणि बूम या बातम्या पडताळणाऱ्या संस्थांनी तेव्हाच दाखवलं होतं. त्यातल्या निम्म्या मला नानांच्याच गटावर आल्या असतील.

तर नानांचा प्रश्न: मोजलं कुणी?

हा प्रश्न त्याच दिवसांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीही जाहीरपणे केला होता, पॅलेस्टिनींच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही म्हणून. दुसऱ्याच दिवशी, २६ ऑक्टोबरला, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने यादी बाहेर काढली. एकूण मृत ७,०२८. त्यांतल्या ६,७४७ जणांचं नाव, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक. २८१ जणांची ओळख पटलेली नव्हती. ओळखपत्राचा क्रमांक ही इथली ग्यानबाची मेख आहे. नऊ आकडी असतो, शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने निघतो, त्यामुळे मनाला येईल तो क्रमांक ठोकून देता येत नाही. शिवाय पॅलेस्टिनी लोकसंख्येच्या नोंदवहीचा ताबा १९६७ पासून इस्रायलकडे आहे. म्हणजे यादीतलं एखादं नाव बनावट असेल तर ते सहज पकडू शकेल असा जगात एक पक्ष आहे, आणि तो नेमका आकड्यावर अविश्वास दाखवणारा पक्ष आहे. मी ही यादी नानांना दाखवली होती. त्यांनी ती खरंच पाहिली, बँकेतला माणूस, क्रमांकांवरून अंगठा फिरवत खाली खाली गेले. मग म्हणाले, "यादी कुणीही करतं हो."

सप्टेंबर २०२४ मध्ये नवी यादी आली, ३४,३४४ नावांची, ६४९ पानांची. वयाने लावलेली होती. पहिली चौदा पानं शून्य वयाची. वर्ष न पुरं केलेली ७१० बाळं. आम्ही पानं लावायचो तेव्हा एका पानावर आठ रकाने असत आणि त्यात चौदा ओळींची निधनवार्ता बसवायलाही मारामारी व्हायची. एकाच वयाची चौदा पानं कशी दिसतात ते मला पडद्यावर बघायला लागलं. मी अरबी वाचू शकत नाही. तरीही तिसऱ्या-चौथ्या पानाच्या पुढे गेलो नाही.

याचा अर्थ यादीत खोट नाही असा नव्हे, आणि इथे मला नानांचीच बाजू घ्यावीशी वाटते. मंत्रालय लढणारा आणि न लढणारा असा भेद करत नाही; मेलेला तेवढा मेलेला. भरकटलेल्या स्वतःच्या रॉकेटने कोण मेलं तेही त्यात वेगळं नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल-शिफासकट उत्तरेकडची रुग्णालयं कोलमडली आणि शवागाराच्या रजिस्टरांची साखळीच तुटली. मग काही मृत ‘माध्यमांतल्या विश्वसनीय बातम्यां’वरून धरले जाऊ लागले. आमच्या डेस्कवर असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. पुढे नातेवाइकांनी भरायचा ऑनलाइन अर्ज आला; त्यातून आलेली काही नावं नंतर वगळावी लागली, कारण कुणी नैसर्गिक मृत्यूने गेलं होतं, कुणी तुरुंगात जिवंत होतं. हमास सरकारचं माध्यम कार्यालय वेगळे, जास्त टोकदार आकडे द्यायचं, बायका आणि मुलं किती याचे. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात या कार्यालयाचे आकडे जाऊन मंत्रालयाचे आले, तेव्हा मुलं १४,५०० वरून ७,७९७ वर आणि बायका ९,५०० वरून ४,९५९ वर दिसू लागल्या. एकच गलका झाला, संयुक्त राष्ट्रांनी मृत निम्म्यावर आणले! प्रत्यक्षात एकूण आकडा चौतीस हजारांच्या वरच होता. नवे आकडे फक्त पूर्ण ओळख पटलेल्या २४,६८६ जणांचे होते. पण आधीचे आकडे कच्चे होते हेही तितकंच खरं, आणि ते महिनोन्महिने जगभरच्या मथळ्यांत पक्के म्हणून वावरले.

तज्ज्ञांनी मग काय केलं, ते मला फार आवडलं. लग्नाच्या मांडवात दोन दारांवर दोन मुलं स्वतंत्रपणे येणाऱ्यांची नावं टिपतायत असं समजा. दोन्ही वह्यांत बहुतेक नावं सारखी निघाली तर जवळजवळ सगळे पाहुणे टिपले गेलेत. पण सारखी नावं थोडीच निघाली, तर दोघांच्याही नजरेतून सुटलेले बरेच असणार, आणि किती ते गणिताने काढता येतं. लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णालयांची यादी, ऑनलाइन अर्जांची यादी आणि समाजमाध्यमांवरच्या श्रद्धांजल्या अशा तीन वह्या जुळवून पाहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला: ३० जून २०२४ पर्यंत जखमांनी झालेले मृत्यू सुमारे ६४,२६०. मंत्रालयाचा तेव्हाचा आकडा होता ३७,८७७. म्हणजे ज्या आकड्याला नाना फुगवलेला म्हणत होते तो चाळीस टक्क्यांनी अपुरा निघाला. ढिगाऱ्याखालचा माणूस शवागारापर्यंत पोहोचत नाही, एवढंच त्याचं कारण.

माझी भाची दुसऱ्या टोकाला आहे. तिने २०२४ च्या जुलैत मला एकच आकडा पाठवला, १,८६,०००, आणि खाली ‘लॅन्सेट’. मी तिला विचारलं, कशावरून? तो अभ्यास नव्हता. ते संपादकांना पाठवलेलं पत्र होतं. इतर युद्धांत एका थेट मृत्यूमागे भूक, रोगराई, औषधांचा अभाव यांनी किती मरतात याचं एक गुणोत्तर घेऊन, पुढे होऊ शकतील असे मृत्यू त्यात अंदाजले होते. तिने रागाने उत्तर दिलं, "मामा, तुला मरणारी माणसं दिसत नाहीत का?" मला ती दिसत होती. पण हे तिला फोनवर पटेना, आणि मला जाणवलं की नानांशी बोलताना मी तिच्यासारखा वाटतो आणि तिच्याशी बोलताना नानांसारखा. घरात सगळ्यांशी वाकडं घ्यायचा हा हमखास मार्ग आहे.

जुनी प्रकरणं आठवून पाहिली, तर आकडा फुगवण्याने कुणाचं भलं झालं असं एकही सापडत नाही. एप्रिल १९४८, जेरुसलेमजवळचं देर यासिन हे अरब गाव. इर्गुन आणि लेही या सशस्त्र ज्यू गटांनी गावात शिरून माणसं मारली, आणि आकडा फुटला २५४. तो सगळ्यांच्याच सोयीचा होता: मारणाऱ्यांना दहशत बसवायची होती, त्यांच्या ज्यू विरोधकांना त्यांची बदनामी हवी होती, अरब नेत्यांना शेजारच्या अरब देशांचं सैन्य हवं होतं. चाळीसेक वर्षांनी बीरझैत विद्यापीठातल्या पॅलेस्टिनी संशोधकांनी वाचलेल्या गावकऱ्यांकडून एकेक नाव गोळा केलं, तेव्हा ती १०७ भरली. दरम्यान काय झालं होतं? जेरुसलेमच्या अरबी नभोवाणीवरून त्या बातम्या देणारे हाझेम नुसेबेह यांनी १९९८ मध्ये सांगितलं, की वाढवून सांगितलेलं ऐकून आपलीच माणसं भेदरून गावं सोडून पळाली. जेनिनच्या निर्वासित छावणीत इस्रायली लष्कर शिरलं तो एप्रिल २००२: पॅलेस्टिनी नेते पाचशे म्हणत होते, इस्रायली लष्करही सुरुवातीला शेकड्यांत बोलत होतं, पत्रकारांना छावणीत सोडलेलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात पॅलेस्टिनी मृत ५२ निघाले, त्यांतले निम्म्यापर्यंत नागरिक असावेत असं त्यात म्हटलं होतं. इस्रायली सैनिक २३. त्यानंतर ‘जेनिन’ हा शब्द उच्चारला की समोरचा ‘ते पाचशेवालं ना?’ म्हणून हसू शकतो, आणि त्या ५२ बद्दल कुणी काही विचारत नाही.

उलटंही झालेलं आहे. २००८-०९ च्या गाझा युद्धात इस्रायल म्हणत होता की मेलेल्यांत ७०९ लढवय्ये आहेत. हमास आणि गाझातल्या मानवी हक्क संघटना तो आकडा खूपच खाली सांगत होत्या. २०१० मध्ये हमासचेच गृहमंत्री फथी हम्माद एका मुलाखतीत सहाशे-सातशे म्हणून गेले. तेव्हा आपल्याच लोकांत फुशारकी मारायची गरज होती. २०१४ च्या युद्धात मात्र एकूण मृतांचा संयुक्त राष्ट्रांचा आकडा २,२५१ आणि इस्रायलचा २,१२५. इतकी वर्षं चाललेल्या भांडणानंतर फरक एवढासाच. भांडण ‘किती’वर नव्हतं, ‘कोण’वर होतं. या वेळीही तेच आहे. इस्रायलचे नेते वीस हजारांच्या आसपास लढवय्ये मारल्याचं सांगत राहिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गार्डियन आणि इस्रायली पत्रकारांनी लष्कराच्याच गुप्तवार्ता विभागातली नोंद छापली. मे महिन्यापर्यंत मेलेले किंवा बहुधा मेलेले म्हणून नावानिशी नोंदवलेले लढवय्ये ८,९००. तेव्हाचे एकूण मृत होते सुमारे त्रेपन्न हजार.

माझं मत विचाराल तर, पहिल्या रात्रीचा कुठलाच आकडा मी मानत नाही, कुणाचाही. आणि नावं-क्रमांकांसकट आलेली यादी मी मानतो, चुका धरून. नाना माणूस वाईट नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मेहुणा गेला, खाट मिळवताना दोन दिवस गेले, आणि दाखल्यावर न्यूमोनिया आला. सरकारी कोविड मृतांत तो नाही. भारतात २०२१ अखेरपर्यंतचा सरकारी आकडा चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास होता, त्याच काळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सत्तेचाळीस लाखांचा अंदाज काढला आणि आपल्या सरकारने ती पद्धतच नाकारली; त्या दिवशी नाना बाकावर तावातावाने सांगत होते, "मी पाहिलंय ना, स्मशानात नंबर लागले होते! हे काय मोजणार?" मोजदाद कशी सुटते हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. ते ज्ञान सुएझच्या पलीकडे न्यायची त्यांची तयारी नाही, एवढंच. आणि हेही खरं की मावशींसारखं त्यांचं तिकडे कुणी नाही. तरी या बाजूला उभं राहण्यात त्यांना काहीतरी मिळतं, ते काय हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मंत्रालयाचा आकडा २०२५ च्या नोव्हेंबरअखेर सत्तर हजारांपुढे गेला. तो कमी की जास्त, कोण किती, हे बऱ्याच अंशी निकाली काढायचा एक जुना उपाय आहे: बाहेरच्या पत्रकारांना मोकळेपणी आत सोडा. इस्रायलने ते केलेलं नाही. लष्कराच्या गाडीतून, लष्कर दाखवेल तेवढं बघायचं, आणि चित्रण आधी लष्कराला दाखवायचं, या अटीवरच आत जाता येतं. बाकी सगळं जग गाझातल्या स्थानिक पत्रकारांच्या डोळ्यांनी पाहत आलंय. पत्रकार संरक्षण समितीच्या नोंदीप्रमाणे त्यांतले आणि इतर माध्यमकर्मी मिळून दोनशेहून अधिक मारले गेले. जुलै २०२५ मध्ये एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेच्या पत्रकार संघटनेला पत्रक काढावं लागलं, की आमचे तिथले सहकारी उपासमारीने मरतील. अशा माणसांनी आणलेल्या बातमीवर ‘एकतर्फी’ असा शिक्का मारणारा आणि फाटकाची किल्ली खिशात ठेवणारा एकच, याला काय म्हणायचं? इस्रायलमधल्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ती याचिका जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी दुसरी दाखल केली. सरकारी वकील मुदत मागत राहिले, न्यायालय देत राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली, तेव्हा सरकारने सांगितलं की परिस्थिती बदलली आहे, विचार करायला वेळ हवा. न्यायालयाने आणखी तीस दिवस दिले. त्यानंतरही मुदत वाढवूनच मिळाली.